ओरखडा नसलेली इजा

कापसाखाली दबून माणूस मरू शकतो, हे कापूस पिकवणाऱ्या आमच्या बीड जिल्ह्यातही कुणाला चटकन पटत नाही. दगडाखाली मरतो, ट्रॅक्टरखाली मरतो. कापसाखाली कसा मरेल? त्यात मी मेलो नाही, म्हणून तर आणखीच पटत नाही. अंगावर ओरखडा नव्हता. कपडे झटकले की गडी परत कामाला लागेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

माझं नाव शिवहार. युसूफ वडगावच्या बाजूला आमचं गाव आहे. हे लिहायला मला अंबाजोगाईच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. त्या म्हणाल्या, कुठल्या तरी कारखान्यात तुमच्यासारखा अजून एक जण असेल, त्याला वाटत असेल की असं फक्त आपल्यालाच होतं. मी म्हणालो, मॅडम, तो माणूस वाचत बसणार आहे का? त्या म्हणाल्या, तुम्ही लिहा तर खरं. डॉक्टरांशी वाद घालून गोळी चुकत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं, म्हणून लिहितोय.

ढीग

ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी होतो तिचं नाव लिहीत नाही. तिथं कापसाचे ढीग घरापेक्षा उंच असत. ढिगाच्या पायथ्याशी उभं राहून, हवेनं ओढणाऱ्या जाड पाइपाच्या तोंडाला कापूस लावत राहायचं, हे माझं काम. खालून कापूस ओढला की वरचा भाग छज्ज्यासारखा लोंबत राहतो. तो अधूनमधून बांबूनं पाडून घ्यावा लागतो. त्या दिवशी फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्या लागलेल्या. मुकादम म्हणाला, "पाडापाडी मंग करा, आधी मशीन चालू ठिवा." वरचा सगळा कापूस एकदम आला.

आवाज झाला नाही. भिंत पडली तर निदान आवाज तरी होतो, कापूस नुसता येतो. तोंडात, नाकात, डोळ्यांत. हात हलवायला गेलो तर हलेना, आणि ओरडलो ते कापसातच राहिलं. मशीन चालू असलेली मला ऐकू येत होती. पलीकडं माणसं नेहमीसारखी काम करत असणार, हेही कळत होतं. मी इथं आहे हे कुणालाच माहीत नाही, एवढी एकच गोष्ट मला तिथं लख्ख समजली. बाकी सगळं पुढं हळूहळू गेलं, ती गोष्ट फार दिवस गेली नाही.

पाइपाच्या दुसऱ्या टोकाला बाबूभाई असायचा. पाइपात कापूस येईना म्हणून तो बघायला आला, मी दिसलो नाही, आणि त्यानं दोन्ही हातांनी ढीग उपसायला घेतला. पायाला धरून मला बाहेर ओढलं. मी खोकलो, ओकलो, उठून बसलो, तेव्हा जमलेले सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, जीव भांड्यात पडल्यावर माणूस हसतो तसं होतं. जिनिंगच्या मालक शेठनी नारळ फोडला. "दुसरा जन्म झाला तुझा," म्हणाले आणि मला घरी सोडलं.

घरातला कापूस

त्याच दिवशी जेवण करून पडलो, सुवर्णानं, म्हणजे माझ्या बायकोनं, अंगावर गोधडी टाकली आणि मी उठून अंगणात पळालो. श्वास लागेना. तिला वाटलं पित्त झालं. मलाही पित्तच बरं वाटलं.

पण ते पित्त रोज यायला लागलं. जिनिंगच्या फाटकातून आत शिरलो की हात गार पडायचे. नाकात बारीक तंतू गेला तरी घसा आवळायचा. केजच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली आली. त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. मी कामावर जाऊन अर्ध्यातून परत यायला लागलो, मग जायचाच बंद झालो.

आता आमच्याकडची रीत सांगतो. भाव येईपर्यंत शेतकरी कापूस घरातच ठेवतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, पोरं त्यावर उड्या मारतात, पाहुणा आला तर त्यावरच झोपतो. आमच्या घरात माझ्या भावाचा कापूस होता. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "दादा, जरा भाव येऊ द्या, लगीच इकतो." पण त्या वर्षी भाव काही आला नाही. मी अंगणात लोखंडी बाज टाकली. गादी नाही, गोधडी नाही, डोक्याखाली हात. थंडीच्या रात्री अंगात जर्किन घालून बसून काढायचो. आत माझं सगळं घर झोपलेलं आणि मी दारासमोर चोरासारखा जागा.

निदान

अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हाही मी हृदयाच्याच रांगेत उभा राहिलो. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि मला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. दारावरची पाटी वाचून सुवर्णा थांबली. "हितं न्हाई जायचं," म्हणाली. "चला घरी."

मी आत गेलो, कारण मला उभं राहवत नव्हतं आणि आत खुर्ची होती. डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी छाती तपासली नाही. विचारलं, "झोपता कसं?" मी सांगितलं, बाहेर, पांघरुणाशिवाय. "कधीपासून?" ते सांगताना मी रडायला लागलो. चारचौघांत रडलेला मी माझ्या आठवणीत कधी नव्हतो. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि वाट बघितली. मग म्हणाल्या, "हे वेड नाही. मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसाला होतं. ही अपघातातच झालेली इजा आहे, फक्त ती फोटोत दिसत नाही."

इजा हा शब्द मी धरून ठेवला. मला कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं की मला लागलंय.

बाहेर सुवर्णा बाकावर बसली होती. भरती व्हायला सांगितलंय म्हटल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. "पोरगी उद्या उजवायची हाय," म्हणाली. "येड्याची पोरगी म्हनतील. कोन करून घेईल तिला?" आमची शिवानी तेव्हा नववीत होती. मला राग आला. आणि तिचं खरं आहे हेही मला माहीत होतं.

भेटायला कुणी आलं नाही

वॉर्डात सकाळी सिस्टर गोळ्या द्यायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. मग चहा. मग व्हरांड्यात चालणं, ज्याला आम्ही रोगी मंडळी 'ड्युटी' म्हणायचो. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते, ते कुणाशी बोलायचे नाहीत, पण माझ्या चहावरची साय न विचारता काढून घ्यायचे. दुपारी मॅडम बोलवायच्या आणि तो दिवस मला परत परत सांगायला लावायच्या. सुरुवातीला मी पाइपाजवळ पोचलो की थांबायचो. चिडायचो. "तेच तेच का म्हून विचारता?" म्हणायचो. त्या म्हणायच्या, उद्या बघू.

पहिल्या दिवशी खाटेवरची कापसाची गादी बघून मी भिंतीला टेकून उभा राहिलो होतो. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, गादी गुंडाळून नेली आणि खाटेवर नुसती चादर अंथरली. कारण विचारलं नाही, कुणाला हाक मारून सांगितलंही नाही. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण देवाला हात जोडताना ती मला आठवते.

आमच्या भागात दवाखान्यात पडलेला माणूस एकटा नसतो. गावातून जीप भरून माणसं येतात, बिस्किटांचे पुडे आणतात, खाटेच्या कडेला बसून स्वतःच्या दुखण्याच्या गोष्टी सांगतात. नको नको होतं रोग्याला. माझ्याकडं कुणी आलं नाही. सुवर्णा आठवड्यातून एकदा यायची, भाकरी ठेवायची, लवकर निघायची. मला वाटलं, बाबूभाई तरी येईल. तोही आला नाही.

कारण मला सुट्टी मिळाल्यावर कळलं. गावात विचारणाऱ्यांना सुवर्णानं सांगितलं होतं, "ते कपिलधारला गेलेत. जीव वाचला म्हणून नेम धरलाय. वरीसभर अंथरूण-पांघरूण घेनार न्हाईत."

नेमाचा माणूस

डोकं तिचं चांगलं चाललं होतं, हे मला कबूल करावं लागेल. बाहेर झोपणं, थंडीत पांघरूण न घेणं, कामावर न जाणं, सगळ्याला एका नेमात जागा झाली. आम्ही लिंगायत, कपिलधार आमचं तीर्थाचं ठिकाण, तिथं आमचं जाणं-येणं. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

मी घरी आलो त्या दिवशी शेजारच्या केवळामावशीनं माझ्या पायांवर पाणी घातलं. माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई वाकून पाया पडली. मग रोज कुणी ना कुणी यायला लागलं. बाजेसमोर नारळ ठेवायचे, पोरांची डोकी माझ्या पायावर टेकवायचे. गावातले जाणते नागनाथअप्पा म्हणाले, "आमी निसत्या माळा घालतो. तुमी करून दाखवलं." गोळ्यांनी मला सुस्ती यायची, मी मान खाली घालून बसायचो, तर लोक म्हणायचे, बघा कसा एकचित्त बसलाय.

हसू येतं ना? मलाही आता येतं. तेव्हा येत नव्हतं. पाया पडणारं माणूस जवळ बसत नाही. पूर्वी माझ्याशी तंबाखू मळत गप्पा मारणारे हात जोडून निघून जायला लागले. गोळ्या लपून घ्यायच्या, अंबाजोगाईला जाताना कपिलधार सांगायचं. मॅडमनी घरी करायला सांगितलं होतं की पातळ चादर आधी पायांवर घ्या, जमलं की गुडघ्यापर्यंत घ्या. ते मी कुठं करणार? गाव बघत होतं.

आणि नेमाच्या माणसाजवळ बायको झोपत नाही. सुवर्णा आत दार लावून घ्यायची. एकदा सकाळी मी तिला म्हणालो, "जरा बस की हितं." ती म्हणाली, "लोक बघत्यात. नेम मोडला म्हनतील." तिनंच बांधलेल्या कुंपणापलीकडं ती उभी होती आणि मी आत. ढिगाखालच्यापेक्षा ते दिवस मला जास्त एकटे गेले.

कोर्ट

जिनिंगवाल्यांकडं मी गेलो होतो. काम होईना, औषधं चालू, काहीतरी करा म्हणालो. शेठ म्हणाले, "हात तुटला असता तर मी एका शब्दानं दिलं असतं. तुला झालंय काय?"

तो प्रश्न मला लागला. भरपाईपेक्षा त्याचं उत्तर मला हवं होतं. बीडला सरवदे वकील म्हणून एक बाई कामगारांच्या केसेस चालवतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "कामावर असताना, कामामुळं इजा झाली पाहिजे. ती हाडाचीच पाहिजे असं मी तरी मानत नाही. पण दिसत नाही ती दाखवावी लागते. सोपं नाही."

केस उभी राहिली. डॉक्टर मॅडमनी साक्ष दिली. बाबूभाई अजून त्याच जिनिंगमध्ये होता. तो येणार नाही असं मी धरून चाललो होतो आणि तो आला नाही. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या घरी खाणारी तोंडं आहेत. पण त्याच्या जागी आला कोण, तर नागनाथअप्पा. जिनिंगच्या वकिलांनी त्यांना साक्षीला आणलं होतं.

अप्पा धुतलेलं धोतर नेसून आले होते. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका, मी समदं खरं सांगतो." आणि त्यांनी सांगितलंही. हा माणूस आजारी नाही, याच्यासारखा निरोगी मनाचा माणूस पंचक्रोशीत नाही, कपिलधारचा नेम आहे म्हणून बाहेर झोपतो, कामधंदा सोडला तोही देवासाठी. माझी बाजू मजबूत करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. माझ्याकडं बघून ते हसले. मी मान फिरवली.

बाहेर आल्यावर सरवदे मॅडम सुवर्णाकडं वळल्या. "ताई, हा नेम कुणी धरला?"

ती पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

"आता तुम्हीच बोललात तर काही होईल," त्या म्हणाल्या. "नाही बोललात तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

घरी येईपर्यंत एसटीत मला तिला बोल म्हणायचं होतं. देवाचं नाव घेऊन खोटं बोलले, हे गावासमोर कबूल कर, असं बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार? पण ती बोलली नाही तर माझं दुखणं कायमचं नेम होऊन बसणार होतं. नेमाला औषध नसतं आणि नेमाची इजाही नसते. मी गप्प राहिलो. भीतीनं गप्प राहिलो, मोठेपणानं नाही.

पुढच्या तारखेला ती उभी राहिली. गावातली माणसं मागं बसली होती, अप्पाही होते.

"नेम नव्हता," ती म्हणाली. "ह्यांनी कंदी धरला न्हाई. मी सांगितलं तसं. ते दवाखान्यात होते, मनाच्या. गोधडी घेतली की ह्यांचा जीव जातो. कापसात दबल्यापासून."

जिनिंगचे वकील उठले. "म्हणजे देवाच्या नावानं तुम्ही अख्ख्या गावाला फसवलंत?"

"हो."

"मग आज कोर्टाला फसवत नाही कशावरून?"

सुवर्णा शाळा फार शिकलेली नाही. ती वकिलांकडं वळली.

"गावाला फसवलं तवा माझी अब्रू वाचत होती, साहेब," ती म्हणाली. "आज बोलले तर ती जायलीय. खोटं कुठल्यात हाय, ते तुमीच बघा."

नंतर

अब्रू खरंच गेली. नळावर बायका सुवर्णाची घागर आली की बाजूला व्हायच्या. केवळामावशीनं आमच्याकडं बघणं सोडलं. नागनाथअप्पा रस्ता बदलायचे. मला वाटतं, त्यांना आमचा राग कमी आणि स्वतःची लाज जास्त होती. बाजेसमोर नारळ बंद झाले. सुवर्णा कपिलधारला जाऊन नाक घासून आली, तरी तिचं मन लागेना. शेवटी माजलगावकडं आईच्या घरी निघून गेली. "मला थोडं ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली. शिवानी शाळेसाठी माझ्याजवळ राहिली, भाकरी करायची, ताट बाजेवर आणून द्यायची आणि आत जाऊन अभ्यासाला बसायची. तिच्याशी काय बोलावं मला सुचायचं नाही.

तेवढ्या दिवसांत एक मात्र झालं. गाव बघत नव्हतं, म्हणून मी चादर घ्यायला लागलो. पायांवर घ्यायची, मोठ्यानं श्वास मोजायचा, भिरकावायची, परत घ्यायची. गल्लीतलं कुत्रंसुद्धा कान टवकारून बघायचं.

निकाल लागला तो सरवदे मॅडमनी फोनवर वाचून दाखवला. कायद्याची भाषा मला अर्धी कळली. एक वाक्य मी त्यांना परत वाचायला लावलं. अर्जदाराला कामावर असताना इजा झालेली आहे, असं त्यात होतं. जिनिंगवाले वरच्या कोर्टात जाणार, ते सांगून त्यांनी फोन ठेवला. ते गेलेही, प्रकरण अजून तिथं आहे, त्यामुळं हाती फारसं काही आलेलं नाही. पण शेठनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मी अंगणात उभा राहिलो. सांगायला समोर कुणी नव्हतं. मी सुवर्णाला फोन केला आणि तेच वाक्य म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत ती एसटीनं आली. पिशवी आत ठेवली, हातपाय धुतले, चहा केला. जेवणं झाल्यावर तिनं आतून स्वतःचं अंथरूण काढलं आणि माझ्या बाजेला लावून अंगणात टाकलं. रस्त्यावर अजून माणसांची ये-जा होती. मी म्हणालो, "अगं, लोक बघत्यात." ती अंथरुणाच्या सुरकुत्या काढत राहिली.

केवळामावशी शेळी बांधून परत चालली होती. कुंपणाशी थांबली. कितीतरी दिवसांनी ती आमच्या दारात काही बोलली.

"काय गं, भाईर टाकलंस?"

"आमचं मानूस आजारी हाय, मावशे," सुवर्णा म्हणाली. "त्यास्नी एकलं सोडून आत कसं झोपू?"